सांताक्लॉजचा लाल झगा कोणी शिवला?

शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमासाठी माहितीफलक तयार करणाऱ्या एका शिक्षिकेनं प्रश्न विचारला आहे. त्यांनी फलकावर लिहिलं होतं, ‘सांताक्लॉजचा लाल-पांढरा पोशाख कोका-कोला कंपनीनं जाहिरातीसाठी तयार केला.’ एका सहकाऱ्यानं हरकत घेतली की तो मुळात बिशपचा झगा आहे. दुसऱ्यानं सायबेरियातल्या लाल-पांढऱ्या अळंबीची गोष्ट सांगितली. आता फलकावर नेमकं काय लिहायचं?

मी पस्तीसेक वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना छपाईचा इतिहास शिकवते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. दर डिसेंबरात कोणीतरी कोका-कोलाची गोष्ट छातीठोकपणे सांगतं. ती ऐकली की मला त्या कंपनीच्या आधी शंभर वर्षं लाकडावर, दगडावर आणि कागदावर राबलेली माणसं आठवतात. त्यांचं श्रेय एका वाक्यात पुसलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी थोडक्यात उत्तर देते. फलकावरचं कोका-कोलाचं वाक्य काढून टाका. बिशपची गोष्ट ठेवा, पण तिला सुरुवातीच्या जागी ठेवा, लाल रंगाचं कारण म्हणून नको. अळंबीची गोष्ट पूर्णपणे वगळा. सांताचं आजचं रूप साधारण १८१० ते १९३१ या काळात, मुख्यतः न्यूयॉर्क आणि बोस्टनमध्ये, तुकड्यातुकड्यानं घडलं. त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा त्या त्या वेळच्या छपाईच्या गरजेतून आला आहे. हे शेवटचं वाक्य माझं मत आहे आणि पुढचं सगळं उत्तर त्याच्याच समर्थनासाठी आहे.

सुरुवात संत निकोलसपासून करू. चौथ्या शतकात मायरा या गावी तो बिशप होता. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं डेमरे म्हणजेच जुनं मायरा. त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका तीन बहिणींची आहे. बापाकडे हुंड्याला पैसे नव्हते, म्हणून निकोलसनं रात्रीच्या अंधारात, कोणाला कळू न देता, त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. रात्री गुपचूप भेट ठेवून जाणारा माणूस ही कल्पना इथून आली. १०८७ मध्ये इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी त्याच्या अस्थी मायराहून आपल्या गावी नेल्या आणि पश्चिम युरोपात त्याची भक्ती झपाट्यानं पसरली.

पण त्याच्या रूपाकडे बघा. पूर्वेकडच्या चर्चमधल्या जुन्या प्रतिमांत निकोलस सडपातळ आहे. कपाळ उंच, दाढी करडी आणि आखूड, खांद्यांवर क्रूसाची चिन्हं असलेला रुंद पट्टा. पोट सुटलेलं नाही, हसू नाही, टोपीही नाही. नेदरलँड्समध्ये त्याचा सिंटरक्लास झाला. तिथं त्याला उंच टोकदार टोपी, वाकड्या मुठीचा दंड, लाल झगा आणि पांढरा घोडा मिळाला. तो आजही ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी देतो आणि आजही उंच, गंभीर बिशपच आहे. म्हणजे ‘सांताक्लॉज’ हे नाव सिंटरक्लासवरून आलं यात शंका नाही. लाल झगाही तिथं आहे. पण त्या झग्यापासून आपल्या ओळखीच्या गुबगुबीत म्हाताऱ्यापर्यंत सरळ रस्ता जात नाही. मधे जवळजवळ अर्धं शतक असं गेलं की न्यूयॉर्कमधल्या निकोलसच्या रंगाबद्दल कोणाचंच एकमत नव्हतं.

न्यूयॉर्क डचांकडून इंग्रजांकडे गेलं १६६४ मध्ये. त्यानंतर दीडशे वर्षांनी तिथल्या काही सुखवस्तू, इतिहासप्रेमी मंडळींना आपल्या शहराच्या डच भूतकाळाचा लळा लागला. वॉशिंग्टन आयर्विंगनं १८०९ मध्ये न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास लिहिला आणि त्याच्या १८१२ च्या सुधारित आवृत्तीत निकोलसला झाडांच्या शेंड्यांवरून गाडी हाकत नेलं. न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीचा एक संस्थापक जॉन पिंटार्ड यानं ६ डिसेंबर १८१० रोजी संत निकोलसच्या नावानं मेजवानी ठेवली आणि त्यासाठी एक चित्रपत्रक छापून घेतलं. ते चित्र अलेक्झांडर अँडरसन या कोरक्यानं लाकडात कोरलं होतं. एका बाजूला बिशपच्या वेषातला निकोलस, दुसऱ्या बाजूला शेकोटी, तिच्यावर टांगलेले पायमोजे, एक खूश झालेलं मूल आणि एक रडणारं. बिशप अजून बिशपच आहे, पण शेकोटी आणि पायमोजे आले.

१८२१ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम गिली या प्रकाशकानं मुलांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. अमेरिकेत शिळाछाप पद्धतीनं छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ती एक. तिच्यात ‘सांतेक्लॉज’ बर्फावरच्या घसरगाडीत बसतो, गाडीला एकच रेनडिअर जुंपलेला आहे आणि तो ६ डिसेंबरला न येता नाताळच्या आदल्या रात्री येतो. इथं धार्मिक सणाचा पाहुणा घरगुती सणाचा पाहुणा झाला. मुलांच्या पुस्तकात चित्र काढणारी माणूस म्हणून मला या लहानशा पुस्तिकेबद्दल फार आदर आहे. सांताच्या इतिहासात तिचं नाव फारच कमी वेळा घेतलं जातं.

आणि मग २३ डिसेंबर १८२३. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या ‘सेंटिनल’ वर्तमानपत्रात एक कविता निनावी छापून आली. पुढं क्लेमेंट क्लार्क मूर या प्राध्यापकानं ती आपली असल्याचं सांगितलं आणि १८४४ च्या आपल्या कवितासंग्रहात घेतली. हेन्री लिव्हिंग्स्टन यांच्या वंशजांचा दावा आहे की ती त्यांची. कवी कोणीही असो, सांताच्या शरीराचा पहिला तपशीलवार आराखडा या कवितेत आहे. मी विद्यार्थ्यांना ती ओळीओळीनं वाचायला लावते, कारण चित्रकारासाठी ती सूचनापत्रासारखी आहे. काय सांगते ती? तो डोक्यापासून पायापर्यंत फरमध्ये गुंडाळलेला आहे. कपडे राखेनं आणि काजळीनं मळलेले आहेत. पाठीवर खेळण्यांचं गाठोडं आहे, त्यामुळे तो फेरीवाल्यासारखा दिसतो. दाढी बर्फासारखी पांढरी. दातांत आखूड पाइप. चेहरा रुंद, पोट गोल, हसला की पोट हलतं. आठ रेनडिअर आहेत, पण लहानसे, आणि घसरगाडीही चिमुकली आहे. तो स्वतः आनंदी, गुटगुटीत, बुटका एल्फ आहे, म्हणजे परीकथेतला ठेंगू.

दोन गोष्टी इथं नीट लक्षात घ्या. तो लाल नाही. आणि तो माणसाच्या उंचीचा नाही. धुराड्यातून उतरायचं तर लहानच असायला हवा, इतकं साधं कारण त्यामागे असावं. टोकदार टोपी गेली, दंड गेला, क्रूस गेला. बिशप इथं पूर्णपणे पुसला गेला आणि त्याच्या जागी काजळीनं माखलेला फेरीवाला आला. सांताच्या रूपातला सर्वांत मोठा बदल मी हाच मानते.

पुढची चाळीसेक वर्षं ज्यानं त्यानं आपापला सांता काढला. वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीत चित्रकला शिकवणाऱ्या रॉबर्ट वेअरनं १८३७ च्या सुमारास त्याचं तैलचित्र केलं. त्यात बुटक्या निकोलसच्या खांद्यावर फरची किनार असलेलं लाल वस्त्र आहे. कोका-कोला हे पेय १८८६ मधलं. म्हणजे पेयाच्या जन्माच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी लाल कापड आणि पांढरी किनार चित्रात आलेली होती. फलकासाठी तुम्हाला एकच पुरावा हवा असेल तर हा पुरे आहे.

आता मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पुढचा माणूस माझ्या फार आवडीचा आहे. थॉमस नास्ट १८४० मध्ये जर्मनीतल्या लांडाऊ गावी जन्मला आणि सहाव्या वर्षी आईबरोबर न्यूयॉर्कला आला. त्याच्या मूळ प्रांतात नाताळच्या दिवसांत फरमध्ये गुंडाळलेला ‘पेल्झनिकेल’ मुलांच्या घरी यायचा, चांगल्याला खाऊ आणि वाईटाला छडी द्यायचा. नास्टच्या सांताचे फरचे कपडे त्या बालपणातून आले असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. नास्टची चित्रं बघताना मलाही ते पटतं.

नास्ट ‘हार्पर्स वीकली’चा व्यंगचित्रकार. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, ३ जानेवारी १८६३ अशी तारीख असलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यानं सांताला उत्तरेकडच्या सैन्याच्या छावणीत आणलं. सांताच्या अंगरख्यावर तारे, विजारीवर पट्टे, म्हणजे थेट राष्ट्रध्वजच. हातात बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याची गळफास लावलेली बाहुली. त्याच अंकात आणखी एक दोन पानी चित्र आहे. एका वर्तुळात घरी मुलांना झोपवून प्रार्थना करणारी बायको, दुसऱ्यात छावणीत एकटा बसलेला तिचा नवरा, आणि वर कोपऱ्यांत लहानसा सांता. युद्धात ताटातूट झालेल्या घरांनी ते चित्र कसं बघितलं असेल, हे सांगताना वर्गात अजूनही माझा आवाज जड होतो.

नास्टनं पुढं दोन दशकांहून जास्त काळ सांता काढला. २९ डिसेंबर १८६६ च्या अंकात त्यानं एका पानावर अनेक छोटी चित्रं मांडली. सांता खेळणी बनवतोय, मुलांच्या वागण्याची वही बघतोय, दुर्बिणीतून चांगली मुलं शोधतोय. उत्तर ध्रुवावरचं घरही इथलंच. १ जानेवारी १८८१ च्या अंकातलं चित्र तर सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिलेलं आहे. कवेत खेळणी, लांब दांड्याचा पाइप, डोक्यावर हॉलीची काटेरी पानं, भलं मोठं पोट आणि त्याच्यावर रुंद पट्टा. एल्फची चण इथं जवळपास संपली. अंगानं तो भरलेला, वयस्क गृहस्थ झाला.

ही चित्रं कशी छापली जायची ते सांगते, कारण रूपाचं रहस्य तिथं आहे. बॉक्सवुड या कठीण लाकडाचे छोटे ठोकळे जोडून एक मोठा ठोकळा केला जायचा. त्याच्या पांढऱ्या केलेल्या पृष्ठावर चित्रकार उलटं चित्र काढायचा. मग ठोकळे सुटे करून अनेक कोरक्यांना वाटले जायचे आणि कोरून झाल्यावर पुन्हा जोडले जायचे. काही छापांत जोडाच्या रेषा अजूनही दिसतात. या माध्यमात फक्त काळी शाई. छटा हवी तर रेघांचं जाळं विणायचं. अशा वेळी चित्रकार कुठल्या वस्तू निवडतो? ज्या रेघेनं पटकन ओळखू येतील अशा. फरचे तुटक फराटे, दाढीच्या लांब लाटा, पट्ट्याचं चकचकीत बक्कल, बुटांचा काळा भरीव आकार. नास्टच्या सांताची ओळख कशाकशात आहे बघा: फर, दाढी, पट्टा, बूट. हे सगळं लाकडावर छान उतरतं. तुम्ही आजचा सांता फक्त काळ्या रेघेनं काढलात, रंग दिलाच नाहीत, तरी तो ओळखू येतो. हे नास्टचं देणं आहे.

रंग आला दगडातून. शिळाछाप म्हणजे एका विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं. ओली शिळा पाणी धरते, खडूचा भाग शाई धरतो. रंगीत छपाईसाठी प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. पिवळ्याची एक, लाल रंगाची एक, निळ्याची, करड्याची, त्वचेच्या गुलाबीची, असं करत दहा-बारा, कधी वीसहून जास्त शिळा. कागद प्रत्येक शिळेवर तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. आपले छपाईवाले त्याला ‘रजिस्टर जुळणं’ म्हणतात. केसाइतकं सरकलं तरी ओठ गालावर जातात.

नास्टच्या चित्रांवरून न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्स या प्रकाशकांनी १८६९ च्या सुमारास मुलांचं रंगीत पुस्तक काढलं. त्यात सांता लाल कपड्यांत दिसतो. बोस्टनमध्ये लुई प्रँग हा जर्मनीहून आलेला छपाईदार होता. त्यानं १८७० च्या दशकात अमेरिकेत रंगीत नाताळकार्डांचा धंदा उभा केला आणि पुढच्या दशकातल्या त्याच्या कार्डांवर लाल पोशाखातला सांता आहे. पण एक लक्षात ठेवा, त्या काळात लाल एकटा नव्हता. १८७० ते १९१० मधल्या कार्डांवर हिरवा, निळा, तपकिरी, जांभळा, पांढरा असे सगळे सांता सापडतात. जुन्या कार्डांचे संग्रह चाळताना हे इंद्रधनुष्य बघून माझे विद्यार्थी चकित होतात.

मग लालच का उरला? इथं मी स्वतःचा अनुभव सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका नाताळकार्डासाठी गडद हिरव्या कपड्यांतला सांता काढला होता. छपाईनंतर तो मागच्या नाताळवृक्षात अक्षरशः हरवला. मशीनवरचे मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘बाई, लालची प्लेट तर लागतेच आहे की. गालाला लागते, फळांना लागते. तोच रंग अंगाला का नाही दिला?’ मला त्या दिवशी प्रँगच्या शिळा डोळ्यांसमोर दिसल्या. नाताळच्या कार्डावर लाल शिळा असायचीच, कारण हॉलीची लाल फळं, मुलांचे गाल, खेळणी, मेणबत्त्या हे सगळं तिच्यावर अवलंबून. पार्श्वभूमीला पांढरा बर्फ, रात्रीचं निळं आकाश किंवा हिरवी झाडं. या तिन्हींवर उठून दिसणारा आणि जास्तीचा खर्च न लावणारा रंग एकच होता. कोण्या एकानं बसून हा निर्णय घेतला असं मला वाटत नाही. शेकडो छपाईखान्यांत, शेकडो वेळा, तोच हिशोब झाला असणार. कागदपत्रात हे कारण लिहिलेलं नाही. हे माझं, हातानं काम करून बनलेलं मत आहे. सिंटरक्लासच्या लाल झग्याची आठवणही कुठंतरी मदतीला आली असेल, पण ती एकटी पुरली नसती. तसं असतं तर हिरवे-निळे सांता इतके दिवस टिकलेच नसते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सहज पटेल, कारण आपल्याकडेही याच सुमारास हेच घडलं. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची स्थापना १८७८ ची. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो चालवला. कमळात उभी, साडी नेसलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती घराघरांत एकसारखी झाली ती या छापांमुळे. त्याआधी गावागावातल्या मूर्तींत, भिंतींवर, पोथ्यांत देवतांची रूपं वेगवेगळी होती. शिळेवरून हजारो प्रती निघाल्या की एक रूप ‘खरं’ ठरतं आणि बाकीची मागे पडतात. बोस्टनला आणि मळवलीला तंत्र एकच होतं.

इंग्लंडची गोष्ट वेगळी आहे आणि ती फलकावर जरूर घ्या. तिथं ‘फादर ख्रिसमस’ नावाचा म्हातारा आधीपासून होता. १६१६ मध्ये बेन जॉन्सननं त्याला दरबारी नाट्यात आणलं होतं. तो भेटी वाटणारा नव्हता, तो प्रौढांच्या मेजवानीचा, खाण्यापिण्याचा मूर्तिमंत आनंद होता. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ च्या नाताळकथेत वर्तमान नाताळचं भूत येतं, त्याचं जॉन लीचनं काढलेलं आणि हातानं रंगवलेलं चित्र हिरव्या झग्याचं आहे, पांढऱ्या फरची किनार आणि डोक्यावर हॉलीचा मुकुट. त्यामुळे ‘सांता आधी हिरवा होता’ हे विधान ऐकू येतं ते या फादर ख्रिसमसबद्दल अर्धं खरं आहे. अमेरिकन सांता इंग्लंडमध्ये पोचला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हे दोघे एकमेकांत मिसळले. झगा लांब की आखूड, हा फरक मात्र दोन्ही देशांच्या चित्रांत बराच काळ टिकला.

उंचीचा प्रश्न उरला. एल्फ माणसाएवढा का झाला? कारण त्याचं सोंग माणसांना घ्यायचं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावचे दुकानदार जेम्स एडगर १८९० मध्ये स्वतः सांताचा वेष घालून आपल्या दुकानात फिरले. दुकानातल्या सांताची प्रथा त्यांच्यापासून सुरू झाली असं मानतात. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे कार्यकर्ते त्या दशकापासून गरिबांच्या जेवणासाठी रस्त्यावर घंटा वाजवत पैसे गोळा करू लागले, त्यांच्यातही सांताचा वेष रूढ झाला. आता पोशाख शिवायचा प्रश्न आला. अंगभर फर महाग आणि उबदार दुकानात असह्य. लाल कापड, कडेला पांढरी पट्टी, पट्टा, बूट, नकली दाढी, हे कोणताही शिंपी करू शकत होता. चित्रातून कापडात आणि कापडातून पुन्हा चित्रात अशी ये-जा सुरू झाली. ‘पक’ या साप्ताहिकाच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुखपृष्ठांवर लाल सांता आहे. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठांवर लायेनडेकर आणि नॉर्मन रॉकवेल यांनी तो काढला. रॉकवेलच्या १९१६ च्या मुखपृष्ठावर तर सांता होऊ पाहणारा एक साधा माणूस दुकानात दाढी लावून बघतोय. म्हणजे वेष इतका ठरलेला होता की तो विकत मिळत होता. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं नोंद केली की शहरातल्या मुलांना दिसणारा सांता आता प्रमाणित झाला आहे, उंची, वजन, लाल कपडे, पांढरी दाढी, सगळं जवळजवळ सारखं. ही बातमी कोका-कोलाच्या प्रसिद्ध चित्रांच्या चार वर्षं आधीची.

शीतपेयांच्या जाहिरातीतही कोका-कोला पहिली नव्हती. व्हाइट रॉक कंपनीनं १९१५ मध्ये आपल्या खनिज पाण्यासाठी आणि १९२३ मध्ये जिंजर एलसाठी सांता वापरला होता.

मग कोका-कोलानं काय केलं? त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. थंड पेय उन्हाळ्यातच प्यायचं असतं ही समजूत मोडायची होती. त्यासाठी १९३१ मध्ये शिकागोचा चित्रकार हॅडन सुंडब्लॉम याला काम मिळालं आणि १९६४ पर्यंत तो दर नाताळात सांता रंगवत राहिला. त्याचा पहिला नमुना होता लू प्रेंटिस नावाचा निवृत्त विक्रेता. प्रेंटिस गेल्यावर सुंडब्लॉम आरशात स्वतःचाच चेहरा बघून रंगवू लागला. सुंडब्लॉम तेलरंगात, ओल्यावर ओला रंग टाकून काम करायचा. गालांवर उबदार प्रकाश, डोळ्यांच्या कडेला खऱ्या सुरकुत्या, सैल बसलेलं कापड. त्याचा सांता फ्रिज उघडतो, बूट काढून बसतो, मुलांनी ठेवलेली चिठ्ठी वाचतो. नास्टनं ओळखीच्या खुणा दिल्या, प्रँगच्या पिढीनं रंग दिला, सुंडब्लॉमनं त्याला शेजारच्या आजोबांचा चेहरा दिला. ती चित्रं मासिकांतून आणि दुकानांतल्या फलकांवरून जगभर गेली. कंपनीचा रंग आणि सांताचा रंग जुळला हा योगायोग, आणि त्या योगायोगावरच ही सगळी दंतकथा उभी आहे.

अळंबीबद्दल दोनच ओळी. सायबेरियातले शामन, म्हणजे तिथले मांत्रिक, लाल-पांढरी विषारी अळंबी वापरत आणि त्यातून सांताचे रंग व उडणारे रेनडिअर आले, असं सांगितलं जातं. पण सांताचं रूप ज्या न्यूयॉर्कमध्ये घडलं तिथल्या लेखकांना, कोरक्यांना या प्रथेची माहिती असल्याचा दुवा मिळत नाही. आणि सर्वांत जुन्या सविस्तर वर्णनात तो लाल-पांढरा नाहीच, तो काजळीनं मळलेला आहे.

फलकावर काय करावं, तर माझी सूचना ऐका. मजकूर थोडा ठेवा आणि १८२३ च्या कवितेतलं वर्णन मुलांना मराठीत वाचून दाखवा. नाव सांगू नका, सांता म्हणू नका. फरमध्ये गुंडाळलेला, राखेनं मळलेला, पाठीवर गाठोडं घेतलेला, पांढऱ्या दाढीचा ठेंगू, इतकंच सांगा आणि चित्र काढायला द्या. मी दर वर्षी माझ्या वर्गात हे करते. बहुतेक जण त्याला तपकिरी किंवा करडा रंगवतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं सबंध अंग कोळशानं काळं केलं, फक्त दाढी कोऱ्या कागदाची ठेवली, आणि कोळसा फिरवून झाल्यावर त्याची बोटंही तशीच काळी झाली होती. तो कागद मी भिंतीवर लावला आहे, शेजारी नास्टचं १८८१ चं चित्र आणि सुंडब्लॉमच्या एका चित्राची प्रत आहे.